जोडीनं द्यायचं मत

आमच्या आईचं मत आणि शेजारच्या मावशीचं मत एकमेकांना खोडतात. हे दोघींनाही पहिल्यापासून ठाऊक आहे. आई ज्या बाजूला मत देते, त्याच्या समोरच्या बाजूला मावशी देते. मधल्या काळात पक्ष फुटले, चिन्हं बदलली, कालचे वैरी एका व्यासपीठावर बसले. दोघींनी दर वेळी नव्याने विचार करून आपापली बाजू ठरवली आणि दर वेळी त्या समोरासमोरच निघाल्या.

मावशी नात्यातली नाही. मुलुंडला आमची चाळ होती तेव्हा तिची खोली आमच्या खोलीला लागून होती. आता चाळीच्या जागी सात मजली इमारत आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, ती तिसऱ्या. आम्ही मालवणकडचे. तिचं माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचं. घर बौद्ध, नवरा रेल्वेत होता, ती स्वतः महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झाली. ती आईला वैनी म्हणते. आई तिला बाय म्हणते, आणि रागावली की नुसतंच 'गो'.

मतदानाच्या सकाळी दोघींमध्ये एक ठरलेलं बोलणं व्हायचं. मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. मावशी दारात येऊन म्हणायची, "वैनी, मी काय म्हणते, दोघी घरीच बसू. निकालात काय फरक पडायचा न्हाई."

"बस की. मी आलेच जाऊन."

"आत्ता गं बया! मी बसले की तू जाणार."

"मग चल मुकाट्याने."

मग दोघी खळ केलेली साडी नेसून गल्लीसमोरच्या शाळेत जायच्या. रांगेत एकीमागे एक उभ्या राहायच्या. जी आधी बाहेर येई ती दुसरीसाठी दारात थांबायची. दुसरीने खरंच मत दिलं की नाही, याची खात्री तिच्या बोटावरची शाई पाहून व्हायची. नंतर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा आणि भजी. मागच्या निवडणुकीत जिची बाजू जिंकली असेल तिने पाजायचा, हा नियम. हरलेलीने फुकटचा चहा पीत जिंकलेल्यांनी गेल्या पाच वर्षांत काय काय केलं नाही, ते ऐकवायचं, हाही नियमच.

वर्तमानपत्राच्या नोकरीत मी बऱ्याच निवडणुका पाहिल्या, पण घरच्या केंद्रावरची क्वचितच. त्या दिवशी मी कुठल्यातरी दुसऱ्या मतदारसंघात असायचो. संध्याकाळी घरी आलो की आई एवढंच सांगायची: "झालं. फिटंफाट."

गेल्या लोकसभेला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मे महिना, रांग फाटकाबाहेर, वर पत्रा आणि पंखे बंद. दोघींना खुर्च्या मिळाल्या, पण मावशीचा गुडघा त्या दिवसापासून जो बिघडला तो बिघडलाच. त्यानंतर विधानसभा आली आणि दोन गोष्टी बदलल्या. गर्दी कमी व्हावी म्हणून केंद्रांची फेरवाटणी झाली; आमच्या गल्लीचं केंद्र शाळेतून उठून टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये गेलं. आणि आई पंचाऐंशीची झाली होती. पंचाऐंशी झालेल्यांना घरी बसून मत देण्याची सोय आहे.

ही सोय सांगायला शाळेतल्या एक शिक्षिका घरी आल्या. मतदारयादीचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी अर्ज दाखवला आणि नीट समजावून सांगितलं: पथक घरी येईल, मतपत्रिका देईल, तुम्ही खूण करायची, पाकीट बंद करून पेटीत टाकायचं. एकदा अर्ज मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही.

"म्हणजे सरकार माझ्या घरी येणार?" आईने विचारलं.

"हो आजी."

"चहा घेतात का?"

"ते मी कसं सांगू?"

आईने सही केली. चूक इथे झाली. अर्ज आपल्या एकटीचा आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही. पोलिओचे डोस द्यायला येणाऱ्या बायका जशा एका इमारतीत आल्या की सगळ्या घरांतली मुलं उरकून जातात, तसंच हे पथक येईल आणि म्हाताऱ्यांची मतं घेऊन जाईल, असं तिने गृहीत धरलं. मावशी कागदोपत्री चौऱ्याऐंशीची आहे. प्रत्यक्षात ती आईपेक्षा मोठी असल्याचं ती शपथेवर सांगते. नोकरीला लागताना साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहून वय घातलं, असं तिचं म्हणणं. तेव्हा तरुण दिसल्याचा तिला आजवर अभिमान होता.

पथक आलं त्या सकाळी मावशी घाटकोपरला मुलीकडे गेली होती. दोन अधिकारी, एक पोलीस, कॅमेरा घेतलेला एक माणूस आणि त्या शिक्षिका, असे सगळे आमच्या बैठकीत मावले नाहीत. पोलीस दारातच उभा राहिला. पथकप्रमुख म्हणजे चाळिशीच्या एक बाई होत्या, कुठल्याशा सरकारी कार्यालयातून या कामावर आलेल्या. त्यांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला.

आई म्हणाली, "जरा थांबा. ती येऊ दे."

"कोण येऊ दे?"

"माझी शेजारीण. तिचंही घ्या. एकाच फेरीत होईल तुमचं."

शिक्षिकेने पुन्हा समजावलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मग मी पण देत नाही. ती नसताना मी कधी मत दिलेलं नाही."

पथकप्रमुख बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी आईशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं नाही.

"आजी," बाई म्हणाल्या, "आम्ही आणखी एकदाच येणार. तेव्हाही दिलं नाहीत तर या वेळचं मत गेलं. केंद्रावरही देता येणार नाही."

"एकदा याल ना? मग ती असेल तेव्हा या."

बाई हसल्या. आडोसा पुन्हा घडी करून पिशवीत गेला. चहा कोणीच घेतला नाही, त्याचं आईला दुसरी फेरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

मावशी परतल्यावर तिला हा प्रकार कळला. ती जिना उतरून आली ती ओरडतच. "सरकार दारात आलं आणि परत पाठवलंस? डोकं फिरलं का तुझं?"

"तुझ्यासाठी केलं गो."

"माझ्यासाठी? माझ्यासाठी करायचं तर माझ्या बाजूला दे!"

"ते सोडून बोल."

दुसऱ्या फेरीचा निरोप आला तेव्हा मावशी सकाळीच खाली येऊन बसली. निळ्या काठांची पांढरी साडी, खळ केलेली, केसांत क्लिप. जणू मत तिचंच होतं. पथकप्रमुखांनी सांगितलं की मत देताना खोलीत मतदाराखेरीज घरचं कोणी नको. मी आणि मावशी बाहेर आलो. दार लोटलं गेलं. मावशी आमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसली आणि पोलीस तिच्या शेजारी उभा राहिला.

"आतमध्ये काय चाललंय?" तिने त्याला विचारलं.

"मतदान, मावशी."

"ते मला पण कळतंय. किती वेळ लागतो?"

"ज्याचा त्याचा वेळ."

"ही वेळ लावणार. हिला भाजी घ्यायला पण तास लागतो. तिथं चिन्हं किती असतात?"

"मतपत्रिकेवर चिन्हं नसतात, मावशी, असं ऐकलंय. नावं असतात."

"मग तर बोंबललं. हिचा चष्मा कुठाय बघ रे," ती मला म्हणाली.

चष्मा आत होता. आतून आईचा आवाज आला, "एवढी पाकिटं कशाला? एकात एक, एकात एक. लग्नाचा आहेर आहे काय?" पथकप्रमुखांनी काहीतरी सांगितलं. मग डिंकाच्या कांडीचं टोपण पडल्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने दार उघडलं. आई टेबलाशी ताठ बसली होती. पेटीला सील होतं आणि कॅमेरावाला आपला कॅमेरा बंद करत होता.

"दिलंस?" मावशीने दारातूनच विचारलं.

"दिलं."

"बरं झालं."

या वेळी पथकाने चहा घेतला. पेटी कुलूपबंद होती, आता हरकत नव्हती, असं त्यांनीच ठरवलं असावं. पोलिसाने दोन कप घेतले.

आता मावशीची पाळी होती, आणि मतदानाचा दिवस जवळ आला तशी ती त्या विषयावर बोलेनाशी झाली. तिच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. या वेळी राहू दे, गुडघा सांभाळ, असं तो म्हणाला. मावशीजवळ राहणाऱ्या सुनेला त्या दिवशी सुट्टी होती, पण तिचं स्वतःचं केंद्र माहेरच्या पत्त्यावर अंधेरीला राहिलं होतं. ती सकाळीच तिकडे जाणार होती. अडचण रस्त्याची नव्हती. रिक्षा करता आली असती. अडचण संकुलाच्या फाटकाची होती.

त्या संकुलाच्या जागी पूर्वी कारखाना होता. माझे वडील त्यात होते. आई डबा घेऊन फाटकापर्यंत जायची. आत जायची परवानगी नव्हती. कारखाना बंद झाला, जमीन विकली गेली, उंच इमारती आल्या, फाटक त्याच जागी राहिलं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका तिथे कामाला जातात. त्या बाजूच्या छोट्या दाराने, गळ्यात ओळखपत्र घालून जातात. मोठ्या फाटकावर आधी कोणत्या घरी जायचं ते सांगावं लागतं, मग रखवालदार वर फोन करतो, मग फाटक उघडतं.

"तिथं मी काय सांगू?" मावशी आईला म्हणाली. "कुणाची कोण म्हणून आत जाऊ? शाळा आपली होती. तिथं मी रांगेत उभी राहिले तर नंतर कलेक्टर आला तरी तो माझ्या मागं. मला रांगच आवडते, वैनी. मत काय, बटण दाबलं की झालं. पण रांगेत लोकांनी बघितलं पायजे, ही पण आलीय."

"मग तिथेही रांग असेल."

"त्यांची रांग. जाऊ दे. तुझं मत झालं ना? तुला फायदाच. एकाने पुढं तू."

आई उठून उभी राहिली. ती अशी चटकन उठत नाही.

"मला नको तुझा फायदा. आयुष्यभर फिटंफाट केली ती काय अशी जिंकण्यासाठी? लोक म्हणतील, तिने आपलं घरात बसून दिलं आणि हिला गुडघ्याने अडवलं."

"लोकांना कुठं ठाऊक आपण कुणाला देतो?"

"मला ठाऊक आहे ना!"

आईने निर्णय जाहीर केला: "उद्या सकाळी तयार राहा. मी येते सोबत."

"तुझं मत झालंय. तू कशाला?"

"डबा घेऊन जायचे तेव्हा फाटकावरून परत यायचे. उद्या आत जाऊन बघते काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा आणली. दोघी मागे, मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. फाटकाच्या अलीकडे पोलिसांनी रिक्षा थांबवली. फाटक सताड उघडं होतं आणि बाजूला केंद्राचा बोर्ड. पण रखवालदार नेहमीच्या जागी उभा होता, आणि सवयीने त्याने हात आडवा केला.

"किसके यहाँ जाना है?"

मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या क्लबात. मतदानाला."

"फ्लॅट नंबर?"

"यादीत हाय माझा नंबर. तुला कशाला सांगू?"

मागून पोलीस हसला. रखवालदारही ओशाळून हसला आणि बाजूला झाला. "सॉरी माँजी. आदत हो गया।"

फाटकाच्या आत दोन तरुण स्वयंसेवक चाकाची खुर्ची घेऊन उभे होते. त्यांना दोन म्हाताऱ्या बायका येताना दिसल्या. त्यांतली एक काठी टेकून चालत होती आणि दुसरी तिचा दंड धरून, दम लागल्यामुळे उभी. त्यांनी दम लागलेलीला, म्हणजे आईला, खुर्चीत बसवलं. आईने विरोध केला नाही. तिला आत बघायचंच होतं. मी मावशीला हात देत होतो तोवर खुर्ची झाडांमधल्या फरसबंद रस्त्याने निघूनही गेली होती.

क्लबहाउसच्या दारापासून पोहण्याच्या तलावापर्यंत रांग होती. निम्मी आमच्या गल्लीतली, निम्मी संकुलातली. ज्येष्ठांना आधी, असा नियम असल्यामुळे स्वयंसेवकांनी आईला रांगेच्या बाजूने थेट आत नेलं. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा आतला अधिकारी यादीवर बोट ठेवून गोंधळून बसला होता.

"आजी, तुमच्या नावापुढे टपाली मताची खूण आहे. तुमचं मत झालंय."

"ठाऊक आहे मला. मी बंद केलं पाकीट."

"मग इथे कशा आलात?"

"मी आले कुठे? या पोरांनी आणली. मी तर हिच्यासोबत आले." आईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "ती कुठे गेली?"

मावशी रांगेच्या शेवटी उभी होती. तिला पुढे घ्यायला स्वयंसेवक धावले. लोकांनीही वाट दिली. ती जागची हलेना.

"मावशी, तुम्हाला थांबायची गरज नाही, आत चला."

"मला रांगेत थांबायचंय."

"पण पाय दुखेल ना."

"पाय माझा हाय."

शेवटी संकुलातल्या एका गृहस्थांनी, अर्धी विजार आणि पायात सपाता, तलावाकाठची प्लॅस्टिकची खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली. मावशी बसली. रांग दोन पावलं सरकली की ती उठायची, ते गृहस्थ खुर्ची पुढे ठेवायचे, ती बसायची. मावशीच्या पुढे आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला होता. एकदा खुर्ची उचलायची पाळी त्याने घेतली, एकदा मागच्या एका कॉलेजच्या मुलीने. काही वेळाने खुर्ची कोणी ठेवायची यावर बोलणंही होईना. ती आपोआप पुढे जाऊ लागली.

आईला स्वयंसेवकांनी बाहेर आणून तलावाच्या काठाशी सावलीत ठेवलं होतं. तिथून ती रांगेवर लक्ष ठेवून होती.

"किती लोक उरले?" तिने मला विचारलं.

"थोडेच."

"मधेच उठून जाऊ नको म्हणावं तिला."

"आता कशाला जाईल?"

"तिचा काय भरवसा." आई निळ्या पाण्याकडे पाहत होती. "इथे बॉयलर होता, तुझे बाबा सांगायचे. आता इथे लोक पोहतात. झकास आहे."

मावशी आत गेली. फार वेळ लागला नाही. ती बाहेर आली तेव्हा काठी डाव्या बगलेत होती आणि डाव्या हाताची तर्जनी समोर धरलेली. तिने ती थेट आईच्या चष्म्यासमोर नेली. शाई अजून ओली होती.

"बघ. झालं."

"फिटंफाट," आई म्हणाली.

"फिटंफाट. त्या साहेबाने विचारलं, ती बाहेर खुर्चीत बसलेली तुमची कोण? म्हटलं, विरोधी पक्ष."

खुर्ची उचलणारे गृहस्थ मत देऊन बाहेर पडत होते. तेही हसले. क्लबहाउसमध्ये मतदारांसाठी पाण्याची सोय होती, चहाची नव्हती. चहा गल्लीच्या कोपऱ्यावरच प्यायला लागणार होता, आणि लोकसभेला कोण जिंकलं होतं यावरून दोघींचं रिक्षापर्यंत जमेना, कारण दोघींच्याही मते आपलीच बाजू जिंकली होती. आपण हरलो असं दोघींपैकी एकीने तरी कबूल केल्याशिवाय चहा कोणी पाजायचा ते ठरणार नव्हतं.

परतीच्या वाटेवर फाटकाशी रखवालदाराने दोघींना नमस्कार केला. रिक्षा उताराला लागली तेव्हा मावशी म्हणाली, "वैनी, पुढच्या खेपेला मी पण पंचाऐंशीच्या वर. माझ्याकडे पण येतील ती माणसं."

"येतील ना."

"मग एकाच दिवशी बोलवू. आधी तुझ्याकडे, मग वर माझ्याकडे. दुसरी दाराबाहेर बसेल."

आडोसा, पाकिटं, डिंक, दारातला पोलीस, सगळं आईने मनात एकदा पुन्हा मांडून पाहिलं असावं.

"नको गो," ती म्हणाली. "अर्जच भरू नको. आपण इथेच येऊ. त्या अर्ध्या विजारीवाल्याकडून दोन खुर्च्या मागून घेऊ."